अकरावीचे 41 मार्क आणि 2021 ची बारावी : एका बॅचचा प्रकरण अभ्यास

2021 ला बारावी झालेली मुलं आता बावीस-तेवीस वर्षांची झालीत, बरीचशी कामाला लागलीत, काही एमएस्सी करतायत, आणि तरीही "अच्छा, कोरोना बॅच का, परीक्षा न देताच पास" हे वाक्य त्यांना अजून ऐकावं लागतं. मी चिपळूणला एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. ही बॅच माझ्या वर्गातली, आणि त्यांचा निकाल तयार करायच्या कामातही मी होते, त्यामुळे हे नीट लिहून ठेवावंसं वाटलं. राज्याचा निकाल लागला 99.63 टक्के आणि तो आकडा बघूनच लोकांनी मत बनवून टाकलं की पोरांना फुकट मिळालं सगळं. त्या आकड्याच्या आत काय झालं ते एका मुलीच्या मार्कशीटवरून दाखवते. तिचं नाव देत नाही, मंडणगड तालुक्यातल्या एका गावची आहे एवढंच सांगते, आणि हे लिहिणार म्हणून तिला विचारलंय.

गोष्ट सुरू होते 2019 पासून, 2021 पासून नाही, हे आधी लक्षात घ्या.

ही मुलं दहावीला बसली मार्च 2019 ला. त्या वर्षी बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे 20 मार्क काढून टाकले होते, म्हणजे तोंडी वगैरे बंद, सगळं लेखी. निकाल लागला 77.10 टक्के. आदल्या वर्षी 2018 ला तो 89.41 होता. एका वर्षात बारा टक्क्यांनी खाली. आमचा कोकण विभाग दरवर्षी पहिला असतो, तोही 88.38 वर आला. अकरावीच्या ॲडमिशनला सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांपुढे आपली मुलं मागे पडणार म्हणून केवढी ओरड झाली होती, पालकांना आठवत असेल. सरकारने मग अंतर्गत गुण परत आणले, पण पुढच्या बॅचपासून. 2020 ला दहावीचा निकाल 95.30 वर गेला. म्हणजे मधली ही एकच बॅच त्या कात्रीत सापडली. तेव्हा सगळे म्हणाले, जाऊदे रे, दहावीचे मार्क कोण विचारतो बारावीनंतर. सगळेच म्हणतात तसं आणि एरवी ते खरंही असतं.

आमची मुलगी मराठी माध्यमाची. दहावीला तिच्या चांगल्या तीन विषयांची सरासरी 76. घरी वडील मुंबईला, आई शेती आणि दोन गुरं बघते, गावाजवळ सायन्स नाही म्हणून चिपळूणला आत्याकडे राहायला आली. आता जे मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेत त्यांना सांगायला नको की पहिले सहा महिने काय असतात. गती, बल, संवेग, सगळं येत असतं पण समोर मोमेंटम लिहिलं की हात थांबतो. ती वर्गात शेवटून दुसऱ्या बेंचवर बसायची आणि मी काही विचारलं की मान खाली. पहिल्या सत्राला फिजिक्समध्ये 41. अशी मुलं मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी त्यांच्यातली बरीचशी मार्चपर्यंत वर येतात, कारण एकदा इंग्रजीची भीती मोडली की विषय त्यांना आधीपासूनच कळलेला असतो. हीसुद्धा वर येत होती. जानेवारी-फेब्रुवारीत वर्गात उठून न्यूमरिकल सोडवायला लागली, "मॅडम, मी करू?" असं स्वतःहून.

आणि मार्च 2020 ला शाळा-कॉलेजं बंद. एप्रिलमध्ये नववी-अकरावीची वार्षिक परीक्षाच रद्द झाली आणि पहिल्या सत्राच्या मार्कांवर सगळ्यांना वर ढकललं. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही, अकरावी म्हणजे आपल्याकडे रेस्ट इयर, दहावी झाली की पोरं दम खातात आणि क्लासवालेसुद्धा अकरावी घाईघाईत उरकून बारावीचा पोर्शन सुरू करतात. तिच्या नावापुढे मात्र ते 41 कायमचे चिकटले, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

मग ती गावी गेली. मे महिन्यात चाकरमानी परतले, गावच्या शाळेत क्वारंटाईन, तिचे वडीलही तिथे राहून मग घरी आले. मुंबईतलं काम गेलेलं. आणि 3 जूनला निसर्ग वादळ. श्रीवर्धनजवळ धडकलं पण मंडणगड-दापोलीने जे सोसलं ते त्या भागातल्या माणसालाच माहीत, माडा-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. तिची बारावी सुरू झाली ती अशी. घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांचा, चार्जिंगला बाजारपेठेत न्यायचा जिथे जनरेटर असेल तिथे, आणि रेंज फक्त गावच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. पावसात सड्यावर छत्री धरून लेक्चर ऐकणं म्हणजे काय हे कोकणात त्या वर्षी कितीतरी पोरांनी केलंय. तिने मला व्हॉईस नोटवर शंका पाठवायची सवय लावून घेतली, मागे वाऱ्याचा आवाज, आणि मध्येच "मॅडम, रेंज गेली होती, परत सांगते".

नोव्हेंबरनंतर ग्रामीण भागात नववी ते बारावीचे वर्ग हळूहळू सुरू झाले, ती परत आत्याकडे आली, आणि ते दोन-तीन महिने ती पोर अशी अभ्यासाला लागली की विचारू नका. 25 टक्के पोर्शन कमी झाला होता पण तिने तो कमी झालेलाही वाचला, सीईटीला येईल म्हणून. बारावीच्या अंतर्गत परीक्षा धरून तिचे फिजिक्सचे 84 टक्के झाले. हे मी दिलेले मार्क आहेत आणि तपासलेले पेपर आहेत, गुगल फॉर्मवरची टिकमार्क नाही.

बोर्डाची परीक्षा 23 एप्रिल 2021 पासून होणार होती. हॉल तिकिटं एप्रिलच्या सुरुवातीला ऑनलाईन आलीसुद्धा. मग दुसरी लाट, 12 एप्रिलला परीक्षा पुढे ढकलली, 1 जूनला सीबीएसईने त्यांची बारावी रद्द केली आणि 3 जूनला आपल्या राज्यानेही बारावी रद्द केल्याचं जाहीर केलं. रद्द करणं बरोबरच होतं, ह्यावर माझं दुमत नाही, घराघरात माणसं गेली होती, कोणत्या तोंडाने पोरांना हॉलमध्ये बसवणार होतो. प्रश्न पुढचा आहे.

फॉर्म्युला आला 30-30-40. दहावीच्या सर्वाधिक मार्कांच्या तीन विषयांची सरासरी 30 टक्के, अकरावीचे त्या विषयातले 30 टक्के आणि बारावीचे वर्षभरातले 40 टक्के. लेखीसाठी हे, प्रॅक्टिकलचे मार्क वेगळे.

तर तिचं फिजिक्स घ्या. दहावी 76, त्याचे 30 टक्के 22.8. अकरावी 41, त्याचे 12.3. बारावी 84, त्याचे 33.6. बेरीज 68.7 टक्के. लेखी 70 मार्कांची, म्हणजे 48. नुसती बारावी धरली असती तर 70 पैकी 59 आले असते. एका विषयात 11 मार्कांचा फरक. केमिस्ट्री आणि मॅथ्सला थोडं कमी-जास्त पण गोष्ट तीच.

त्याच वर्गातला एक मुलगा. दहावीला 93, अकरावीला 78, आणि बारावीत घरची परिस्थिती म्हणा, कंटाळा म्हणा, त्याने वह्याच मिटून ठेवल्या, 55. त्याची बेरीज 73.3, म्हणजे 70 पैकी 51. तिच्यापेक्षा तीन मार्क जास्त. त्या मुलाबद्दल माझ्या मनात काहीही वाईट नाही, त्याची आजी आणि काका त्याच एप्रिलमध्ये गेले. पण ही दोन नावं एक्सेल शीटमध्ये वरखाली बघताना मला जे वाटलं ते अजून जात नाही. जी दोन वर्षं झगडून वर आली तिला आपण तिच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षात परत नेऊन बसवलं. परीक्षा वाईट असेल, घोकंपट्टी असेल, सगळं मान्य, पण परीक्षेत एक गोष्ट असते की त्या तीन तासांत तू आज जी आहेस ती आहेस, मागचं काही नाही. गावाकडून आलेल्या, माध्यम बदललेल्या, उशिरा उमललेल्या पोरांना तेवढी एकच संधी असते.

आणि लोक म्हणतात फुकट मिळालं.

तसं बघायला गेलं तर श्रेणीसुधारची सोय होती, पुढच्या दोन परीक्षांना बसता येत होतं. पण कोण बसणार? ॲडमिशनं थांबणार होती का तोपर्यंत? आमच्या वर्गातून कोणी बसलं नाही. मुलांना वरचे मार्क देणारी कॉलेजंही होती राज्यात, नाकारत नाही, 40 टक्के आपल्याच हातात होते आणि काहींनी ते सढळ हाताने वाटले, पण त्याने तर प्रामाणिक कॉलेजच्या पोराचं आणखीच नुकसान होतं ना.

जुलैत मार्क भरायचं काम चालू होतं आणि 22 जुलैला चिपळूणात पूर आला. 2005 चा पूर बघितलेली माणसंसुद्धा म्हणाली असं पाणी कधी चढलं नव्हतं. पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता पहिल्या मजल्याला लागलं. आत्याचं घर तळमजल्याला. माणसं शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली म्हणून वाचली. तिची सगळी पुस्तकं, सीईटीच्या नोट्स, फिजिक्स-केमिस्ट्रीची जर्नल्स, सगळं गेलं. सेंडऑफला नेसायला म्हणून आत्याने तिला एक मोरपंखी साडी दिली होती, फॉल-पिको करून ठेवलेली, सेंडऑफ झालाच नव्हता त्यामुळे ती घडीसुद्धा मोडली नव्हती. तीही गेली. ती मला फोनवर जर्नलबद्दल रडली, साडीबद्दल तिच्या आत्याने सांगितलं.

3 ऑगस्टला दुपारी निकाल. राज्य 99.63, कोकण 99.81, परत पहिला. बऱ्याच मुलांना स्वतःचा आसनक्रमांकच माहीत नव्हता, बोर्डाने तो शोधायला वेगळी लिंक दिली होती. गावात अजून चिखल काढणं चालू होतं, ज्यांचे फोन पाण्यात गेले त्यांचे निकाल आम्ही बघून कोणातरी नातेवाइकाच्या नंबरवर कळवत होतो. पेढे नाहीत, काही नाही. एका मुलाला मी फोनवर म्हटलं, "अरे, पास झालास, फर्स्ट क्लास आहे," तर तो म्हणाला, "हो मॅडम, सगळेच झाले ना." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं सांगितल्यासारखं. मला वाटतं ह्या बॅचचं सगळ्यात मोठं नुकसान तेच आहे. अकरा मार्कांचं दुःख होतं आणि ते जातं, पण आपण काही केलं आणि ते झालं ही भावनाच त्यांना मिळाली नाही.

मुलांनी काय लिहिलं

मार्कशीट आणि एलसी घ्यायला मुलं एकेक करून यायला लागली तेव्हा आम्ही दोघीतिघी शिक्षिकांनी ठरवलं की सेंडऑफ घेता येत नाही तर निदान प्रत्येकाला एक फुलस्केप देऊ, एका बाजूला मागचं लिही, दुसऱ्या बाजूला पुढचं. नाव घालायची सक्ती नाही. मास्क लावून लांब लांब बसून लिहिली त्यांनी. मी ते कागद ठेवलेत.

मागच्या बाजूला मला वाटलं होतं परीक्षेबद्दल असेल. फार कमी होतं. एसटीचा पास, दुपारच्या गाडीला मागची सीट पकडणं, लॅबमध्ये पेंड्युलमचे दोलन मोजताना चुकलं की सगळा ग्रुप परत सुरुवातीपासून मोजायचा, बाहेरच्या गाडीवरचा वडापाव, गॅदरिंगला बसवलेला पण न झालेला डान्स. एकाने लिहिलं होतं की अकरावीच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांशी मी एकदाही बोललो नाही, बारावीत बोलू असं वाटलं होतं. दोघांनी वडील गेल्याचं लिहिलं, एकेका ओळीत. आणि पुढच्या बाजूला? बरेच कागद जवळपास कोरे. "बघू." "मुंबईला काका आहेत." "काहीतरी करणार नक्की." अठरा वर्षांच्या मुलांचे कागद एरवी उतू जातात, कलेक्टर काय, पायलट काय. इथे पुढच्या महिन्यापलीकडचं कोणी लिहायलाच तयार नव्हतं, कारण दीड वर्षात त्यांना जी तारीख दिली ती बदललीच होती.

तिने मात्र पुढची बाजू भरली होती. बारीक अक्षरात. सीईटी देणार, पण नोट्स नाहीत म्हणून फार होईल असं वाटत नाही, बीएस्सीला केमिस्ट्री घेणार, लोटे एमआयडीसीत लॅबला मुली घेतात असं ऐकलंय, तिथे लागले तर घरी पैसे पाठवता येतील, आणि मग शिकायचं थांबवायचं नाही. शेवटी एक प्रश्न मला होता, "मॅडम, 41 चे पेपर अजून आहेत का ऑफिसात? मला बघायचेत कुठे चुकलं होतं." ऑफिसात पाणी शिरलेलं, कुठले पेपर.

पुढची चार वर्षं

सीईटी 20 सप्टेंबरपासून झाली, तिला हवं तसं जमलं नाही. साध्या डिग्रीची ॲडमिशन बारावीच्या मार्कांवर, आणि त्या वर्षी सगळ्यांचेच मार्क वर असल्यामुळे कटऑफ चढलेले, मुंबईतल्या ज्या कॉलेजचा ती विचार करत होती ते हुकलं. तिथे ते अकरा-अकरा मार्क भोवले. चिपळूणलाच बीएस्सी घेतलं. 20 ऑक्टोबरला राज्यात कॉलेजं प्रत्यक्ष सुरू झाली, ती खूश, आणि आठवडाभरानेच एसटीचा संप. तो चालला पार एप्रिल 2022 पर्यंत. पुरानंतर आत्याने घर सोडून खेडजवळ भाड्याने घेतलं होतं, तिथून ही वडापने, म्हणजे शेअरच्या खासगी गाडीने यायची, पाच-सहा मुली मिळून, रोजचे पैसे परवडेनात म्हणून आठवड्यातून तीन दिवस. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे परत सगळं ऑनलाईन.

मग आली पहिली खरीखुरी लेखी परीक्षा, वर्गात बसून. दहावीनंतर तीन वर्षांनी. ह्या मुलांनी मोठा, तीन तासांचा, बाहेरच्या माणसाने तपासलेला पेपर मार्च 2019 नंतर लिहिलाच नव्हता, हे लक्षात घ्या. तिचा वेळ पुरेना. सगळं येत होतं पण हात दुखायला लागला, शेवटचा प्रश्न सुटला. त्या बॅचमध्ये एफवायला केट्या लागलेली, म्हणजे विषय राहिलेली बरीच मुलं होती आणि त्यावरून परत तेच, "कोरोना बॅच". अरे, लिहायची सवय तुटलीय, डोकं नाही तुटलेलं! तिने पुढच्या सुट्टीत रोज घड्याळ लावून जुने पेपर सोडवले, तिसऱ्या वर्षाला फर्स्ट क्लास, 2024 ला डिग्री.

लोट्याला एका कंपनीत मुलाखतीला गेली तर समोरच्याने मार्कशीट बघून पहिला प्रश्न हाच केला, 2021 ची बारावी म्हणजे परीक्षा झालीच नव्हती ना. ऑगस्ट 2021 मध्ये एका बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत 2021 चे पासआउट चालणार नाहीत असं छापून आलं होतं, नंतर बँकेने ती छपाईची चूक म्हणून दुरुस्त केलं, पण लोकांच्या डोक्यात ते आधीच होतं म्हणून तर ती जाहिरात एवढी फिरली. हिने उत्तर काय दिलं ते ऐका. ती म्हणाली, "सर, बारावीची झाली नव्हती, पण नंतरच्या सगळ्या झाल्यात, आणि टायट्रेशन आत्ता करायला दिलंत तर करून दाखवते." करायला दिलं. तिथे नाही लागली, दुसऱ्या कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबला लागली, शिफ्टमध्ये असते.

मला ह्यातून काय दिसतं

फॉर्म्युला बनवणाऱ्यांनी कोणाचं वाईट चिंतलं असं मी म्हणत नाही, सुप्रीम कोर्टाने 31 जुलैची मुदत दिलेली, हातात दुसरं काही नव्हतं. पण ज्या मार्कांचं वजन पुढे लागणार आहे हे मुलाला ते मार्क मिळवतानाच माहीत नव्हतं, तिथे अन्याय आहे. दहावी त्या एका कडक वर्षाची, अकरावी अर्ध्याच वर्षाची, आणि दोन्ही मिळून 60 टक्के. त्यातल्या त्यात चांगले तीन विषय धरले म्हणून दहावीचा फटका जरा कमी बसला, एवढं श्रेय देते.

हे आत्ता परत काढायचं कारण म्हणजे 2024 मध्ये एनसीईआरटीच्या परख ह्या मूल्यमापन केंद्राने सुचवलंय की बारावीच्या अंतिम निकालात नववीचे 15, दहावीचे 20, अकरावीचे 25 आणि बारावीचे 40 टक्के धरावेत. कल्पना म्हणून वाईट नाही, एका दिवसावर सगळं अवलंबून नको हे बरोबरच. पण अकरावीला रेस्ट इयर म्हणणाऱ्या राज्यात, जिथे पोरं क्लासला जातात आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला उगवतात, तिथे ते 25 टक्के कशाचे असतील? आणि माध्यम बदलून आलेल्या मुलाच्या पहिल्या सहामाहीचं काय? माझं म्हणणं असं की वजन द्यायचंच असेल तर चढत्या मुलाला फायदा मिळेल अशी काहीतरी सोय हवी, शेवटच्या वर्षात खूप पुढे गेला असेल तर मागचं वजन कमी करा. बेरीज अवघड नाही, एक्सेलमध्ये एक अट टाकायची असते.

आमच्या कॉलेजपुरतं बोलायचं तर आता अकरावीच्या पहिल्या सत्राचे पेपर मुलांना घरी देतो, पालकांच्या सह्या घेऊन परत, आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी जून-जुलैत रोज एक जादा तास असतो जिथे नुसत्या संज्ञा दोन्ही भाषांत करून घेतो. सेंडऑफ जानेवारीतच उरकतो, प्रिलिमच्या आधी. काहींना घाई वाटते, वाटू दे.

ती यंदा एमएस्सीला ॲडमिशन घेतेय, ॲनालिटिकल केमिस्ट्री. शिफ्ट आणि लेक्चर जुळत नाहीत म्हणून सुपरवायझरशी बोलणं चाललंय, सकाळची शिफ्ट कायम मिळाली तर जमेल, नाहीतर वर्षभर पैसे साठवून मग नोकरी सोडणार. मागच्या महिन्यात तिला मी अकरावीच्या नव्या मुलांशी बोलायला बोलावलं होतं. फळ्यावर तिने स्वतःची तीच बेरीज मांडली, 22.8, 12.3, 33.6, आणि मागच्या बेंचवरच्या मुलींना विचारलं की तुमच्यापैकी मराठी मिडीयमच्या कोण कोण आहेत, हात वर करा आणि पुढे येऊन बसा.